मुदत संपल्यानंतर

हडसन नदीच्या वाटेवर,
१९ सप्टेंबर १७७७

चि. केझाया हीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

शेजारच्या झेडॉकच्या पाठीवर कागद ठेवून लिहितोय. तो वाकून उभा आहे आणि कुरकुरतोय, म्हणून अक्षर असं.

आमची दोन महिन्यांची मुदत काल संपली. न्यू हॅम्पशायरचे आम्ही सगळे शेतकरी शिपाई बंदुका खांद्यावर टाकून घरी निघालो. आज दुपारी मागून तोफा ऐकू आल्या. इंग्लंडच्या राजाची फौज आपल्या लोकांना भिडली होती. झेडॉक म्हणाला, शब्द पाळून झाला, मका शेतात उभा आहे, चल. त्याचं चुकत नाही. मीही शंभर पावलं चाललो, पण पुढे पाय उचलेना. तिथे उभी आहेत ती आपल्यासारख्यांचीच पोरं. मी परत जातोय. आणखी सहा जण सोबत आहेत.

हे पत्र झेडॉक देईल. त्याच्यावर रागावू नकोस. आई नसलेल्या घरात तुला एकटीला ठेवतोय, हे मला कळतं. तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझे बाबा,
असाहेल

३० सप्टेंबर

ती. बाबांस केझायाचा सा. न. वि. वि.

रागावू नकोस म्हणालात, पण मी रागावले. झेडॉककाका दारात हॅट हातात धरून उभे होते. माझ्या बाबांना एकटं टाकून तुमच्याने घास तरी कसा गिळवला, असं मी त्यांना विचारलं.  दुसऱ्या दिवशी उजाडताच ते तुमच्या शेतात मका कापताना दिसले. स्वतःचं शेत नंतर. सहा दिवसांत दोन्ही शेतं उरकली, आणि काल ते लोइसकाकूंना म्हणाले, माझी बंदूक काढून दे. काकू रडल्या नाहीत. त्यांनी भाकऱ्या भाजल्या.

हे पत्र तेच आणताहेत. सोबत मोजे आहेत. एक करडा, एक तपकिरी. लोकर पुरली नाही. तुम्हाला तिथे कोण बघतंय?

घरचं मी बघते. काम पुरं करूनच या, अर्धवट सोडून नको. माया आहे तशीच ठेवा.

आपली,
केझाया

आल्बनी,
२६ ऑक्टोबर

चि. केझाया हीस अनेक आशीर्वाद.

झेडॉक सहा तारखेला पोचला. छावणीत आमच्या सहा जणांखेरीज मी कुणाच्या ओळखीचा नव्हतो. पोरं मला आजोबा म्हणायची. त्याला पाहून हसूच आलं. सातला आम्ही शेजारी-शेजारी उभे राहून लढलो. तिथेच त्याच्या गुडघ्यात गोळी शिरली. मी त्याला पाठीवर घेऊन मागे आणलं.

डॉक्टरांनी पाय मांडीतून कापला. तो ओरडला नाही; माझा हात मात्र असा आवळला की बोटं अजून दुखताहेत. सतराला राजाच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. ते पाहायला सगळी छावणी लोटली होती. मी पाहिलं नाही. त्या दिवशी त्याला ताप चढला होता आणि तो मला सारखा विचारत होता, मका नीट वाळलाय का.

आता ताप उतरलाय, त्याला इथल्या इस्पितळात आणलंय. बाकीचे घरी गेले. त्याला गाडीत बसवता येईल तेव्हाच मी निघेन, मग बर्फ पडलं तरी चालेल. लोइसला तू स्वतः जाऊन सांग. आडवळणाने सांगू नकोस. पाय गेला, माणूस येतोय.

तू त्याला काय बोललीस ते त्याने मला सांगितलं. तुझं बरोबर होतं, असंही म्हणाला. माझ्यावर लोभ आहेच तुझा. त्यातला थोडा आता त्याच्यासाठी काढून ठेव.

तुझे बाबा,
असाहेल