पाल्याचा बंदोबस्त

देवास, ता. ३ आक्टोबर १९०४, सोमवार.
आजपासून रोजनिशी. थोर माणसं ठेवतात. सरदार बळवंतरावांच्या बागेचा सुपरिंटेंडंट म्हणून सकाळी चार्ज घेतला. इथले लोक 'बागेचा दरोगा' म्हणतात. तो शब्द मी चालू देणार नाही. नेमणूक तूर्त तीन महिन्यांची, पहिल्या जानेवारीला कायम व्हायचं. शिफारस मेव्हण्याची, भाऊची. तो सरदारांच्या दफ्तरात कारकून आहे. त्याने शब्द टाकला नसता तरी गुण लपत नाहीत.

बागेत दोनशे केळी, पानवेलींचा मांडव, आंब्याची पन्नास नवी कलमं. माघात सरदारांच्या मुलीचं लग्न, वऱ्हाड धारहून येणार. सरदारांच्या मातोश्री इंदिराबाईसाहेब यांनी पडद्याआडून बजावलं, की मांडवाच्या दारांना घडांसकट केळीचे खांब हवेत, आणि ते याच बागेतले. केळी त्यांच्या यजमानांनी मरायच्या आदल्या साली स्वतः लावल्या होत्या. तेव्हापासून त्यांचीच पिलं वाढवत आणली आहेत. मी म्हटलं, आईसाहेब, निर्धास्त असा.

निश्चय: रोज पहाटे पाचला उठून बागेत फेरी.

ता. ४.
साडेआठला उठलो. प्रवासाचा शीण. पुण्याहून येऊन दोन महिने झाले, पण शीण असाच सावकाश निघतो.

ता. ९, रविवार.
बागकामाचं विलायती पुस्तक वाचायला घेतलं. शरद ऋतूतली कामं असं स्वतंत्र प्रकरण आहे. छाटणी, खत, कुंड्यांची माती बदलणं. सगळ्यांच्या ऑर्डरी काढल्या. शेवटी 'फ्रॉस्ट'पासून नाजूक झाडं कशी झाकावी यावर सहा पानं. डिक्शनरी पाहिली: गोठलेलं दंव. हिंदुस्थानात! पुण्यात अठ्ठावीस वर्षं काढली, एकदासुद्धा काही गोठलेलं पाहिलं नाही. साहेबाला भूगोल येत नाही. सहाही पानं तांबड्या शाईने खोडून टाकली.

ता. २१, शुक्रवार.
गुलाबांची छाटणी. मी खुर्चीवरून सूचना दिल्या. भेरू माळी कात्री चालवत होता. म्हातारा आहे, बागेतल्याच झोपडीत राहतो, तीस वर्षांपासून इथे आहे म्हणे. नम्र आहे, पण न विचारता बोलतो. मध्येच आभाळाकडे पाहून म्हणाला, की साब, अबके पालो जल्दी पडेगा.

मालवी भाषा मला आता पूर्ण अवगत झाली आहे. नियम सोपा आहे. आपण घोडा म्हणतो, हे घोडो म्हणतात. तसं पालो म्हणजे पाला. यंदा पानगळ लवकर, एवढाच अर्थ. अडाणी माणसाचंही निरीक्षण चांगलं असतं, हे मी मोठ्या मनाने कबूल करतो.

ता. ५ नोव्हेंबर, शनिवार.
पाल्याचा बंदोबस्त हाती घेतला. तीस खराटे, चाळीस टोपल्या, पाला पुरायला दोन मोठे खड्डे. मजुरांना ओळीत उभं करून झाडायची कवाईत शिकवली. भेरू टकामका बघत राहिला.

मग म्हणाला, की केला के ढांकणो पडेगा, घास दई दो, चार गाडी. शिवाय संध्याकाळी पाणी सोडायचं आणि वाऱ्याच्या अंगाला कचरा पेटवून धूर करायचा. मी हसून विचारलं, कशापासून वाचवायचं? म्हणे, पाला से. पानांपासून झाड वाचवायचं! हे म्हणजे दाढीपासून हनुवटी वाचवण्यापैकी. चार गाड्या गवत कुठे जाणार ते मी ओळखलं. त्याच्याकडे दोन म्हशी आहेत.

ता. १४, सोमवार.
आमचं कुटुंब म्हणालं, की विहिरीवरच्या बायका सारख्या पालो पालो करतायत, कुणी पपया झाकतंय, कुणी वांगी, तर तुम्ही एकदा भेरूला नीट विचारा. मी समज दिली, की सगुणे, सरकारी कामात बायकांनी तोंड घालायचं नसतं. तिला व्याकरण नाही.

ता. १८, शुक्रवार.
सरदारांना रिपोर्ट पाठवला. शेवटचं वाक्य मुद्दाम ठसठशीत अक्षरात: 'यंदा पाला लवकर पडण्याचा संभव जाणून त्याचा संपूर्ण बंदोबस्त केला आहे.'

ता. २१, सोमवार.
रिपोर्ट परत आला. सरदारांच्या हातचा शेरा: 'बहोत खूब. नवा माणूस असून पाल्याची फिकीर वेळेवर केलीत. आईसाहेबांस कळवलं, त्यांचा जीव भांड्यात पडला.' भाऊ म्हणाला, की असा शेरा दफ्तरात आजवर कुणाला मिळालेला नाही. मी दोनदा वाचला. नंतर सगुणेला वाचून दाखवला. तिने विचारलं, बंदोबस्त म्हणजे काय केलं? मी सांगितलं, खराटे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अभिमानाने असावं.

ता. २८, सोमवार.
आज एक अशी कल्पना सुचली, की मलाच माझं नवल वाटलं. पाला पडेपर्यंत वाट का पाहावी? आधीच काढला तर पडणार काय? केळीच्या खाली लोंबणारी जुनी पानं सगळी कापायला लावली. कलमं तर काडीसारखी स्वच्छ केली. पाणी चार दिवसांआड, म्हणजे नवीन पानंही फुटायची नाहीत. खड्डे काठोकाठ भरले. बाग इतकी नीटनेटकी कधी दिसली नसेल.

भेरू हात जोडून आडवा आला होता. दोघांनी धरून बाजूला बसवला. रडला. या वयात माणसं हळवी होतात.

ता. ६ डिसेंबर, मंगळवार.
उघड अवज्ञा. सकाळी पाहतो तर भेरूने आपल्या झोपडीचं छप्पर उसवून त्या गवताने कलमं झाकलेली, आणि पाच केळींना घरातल्या गोधड्या गुंडाळलेल्या. माझी बाग आहे की धर्मशाळा? सगळं उतरवलं. गवत खड्ड्यात, गोधड्या जप्त करून कोठीत. तर हा थेट सरदारांच्या देवडीवर गेला.

ता. ७.
न्याय झाला. भेरू सरदारांपुढे पायांवर पडून म्हणाला, की हुजूर, पाला को कई इंतजाम नी हे, सब जळी जायगा. सरदारांनी माझा रिपोर्ट काढून त्याच्यापुढे धरला. तीस वर्षं अन्न खाऊन नव्या अंमलदारावर खोटा आळ घेतो, म्हणून भयंकर संतापले. संध्याकाळच्या आत बागेबाहेर. भेरू म्हशी घेऊन सरदारपूरला लेकीकडे चालत गेला. जाताना प्रत्येक कलमाला हात लावत होता. कात्रीसुद्धा जागेवर पुसून ठेवून गेला. गुन्हेगाराचं मन खातं.

ता. १७, शनिवार.
थंडी फार. वारा अजिबात नाही, आभाळ लख्ख. अशी हवा झाडांना मानवते. मी दोन रजया घेऊन आठलाच आडवा होणार आहे.

ता. १८, रविवार, सकाळी साडेसात.
बागेत कुणीतरी चुना टाकलेला आहे! गवतावर, केळींवर, पानवेलींवर, सगळीकडे पांढरी भुकटी. सूड, दुसरं काय. बोटाने चाखून पाहिलं. चव नाही, नुसता गार, आणि बोटावरच विरघळला. चुनाही भेसळीचा. भेरूच्या वतीने इथे चुना कोण टाकतो याची चौकशी करणे.

दुपारी दोन.
चुना उन्हाने गेला. पण केळीची पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबतायत. पानवेली चिंध्या. कलमाची काडी वाकवून पाहिली, तट्‌कन मोडली. हा चुना विषारी होता. भेरूविरुद्ध फिर्याद लिहिली, चार पानं.

ता. १९, सोमवार.
सरदार स्वतः आले. बागेभर फिरले. मग शांतपणे म्हणाले, की कृष्णराव, पाल्याचा बंदोबस्त दाखवा. मी कोठी उघडून खराटे दाखवले. मग टोपल्या. मग खड्डे. मजुरांना कवाईत करायला लावली.

भाऊ खाली पाहू लागला. शेवटी भाऊनेच सांगितलं, की इकडे आपल्या हिंवाला पाला म्हणतात. हिंव. दंव गोठतं ते.

सरदारांनी तोंडावर हात धरला. मला वाटलं, दुःखाने. पण ते हसत होते. हसता हसता विहिरीच्या काठावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं, डोळे पुसले आणि म्हणाले, की पुन्हा एकदा कवाईत होऊ द्या.

मेण्यातून इंदिराबाईसाहेब आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. एका काळ्या घडाला नुसता हात लावून बसून राहिल्या.

ता. २०.
सगुणेला हा शब्द माहीत होता. नोव्हेंबरपासून! अंगणातली तुळस तिने माझ्या जुन्या शालीत गुंडाळली होती, ती टवटवीत उभी आहे. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं होतं. रोजनिशी चाळली. तिने स्पष्ट असं काही सांगितलेलं नव्हतं.

दोष माझा नाहीच. एका शब्दाचे दोन अर्थ ठेवणाऱ्या मुलखाचा आहे.

ता. २९, गुरुवार.
भेरूला बोलावून आणलं. खोकत होता. केळींमधून एक फेरी मारली, एक बुंधा विळ्याने चिरून पाहिला. आत नासलेलं पाणी. इंदिराबाईसाहेब पडद्याबाहेर येऊन त्याला म्हणाल्या, की भेरू, चुकलं आमचं, राहा. तो म्हणाला, की माँजी साब, अब म्हारा से नी होगा. पुन्हा चालत गेला. त्याच्या गोधड्या कोठीतच आहेत. त्याने मागितल्या नाहीत, मीही विषय काढला नाही.

ता. २ जानेवारी १९०५, सोमवार.
कायम! हुकूम हातात आहे. भाऊला वाटत होतं, हाकलून देतील. कर्तबगार माणसाला एका रात्रीच्या थंडीवरून कुणी हाकलत नसतं. बागेत मात्र पाऊल टाकायचं नाही, फक्त पाहुणे येतील तेव्हा वाड्यावर हजर राहायचं, असं कलम आहे. म्हणजे सल्लागार. हुकुमाखाली नोंद बागेच्या यादीत नसून 'वाजंत्री, पहिलवान व बहुरूपी' या यादीत आहे. कारकुनी चूक. भाऊला दुरुस्त करायला सांगितलं. त्याने दफ्तर बांधायला घेतलं.

ता. १६, सोमवार.
वाड्यावर व्याख्यान. विषय: पाला. पाहुणे फार हसले. मालव्यातली माणसं मोकळ्या मनाची आहेत, शास्त्रीय विषयातही त्यांना आनंद मिळतो. चुना चाखल्याचा भाग सरदारांनी तीनदा सांगायला लावला.

ता. १६ फेब्रुवारी, गुरुवार.
काल लग्न झालं. केळीचे खांब इंदूरच्या बाजारातून आणले. लहान होते, घडही नव्हते. इंदिराबाईसाहेब मांडवात आल्याच नाहीत.

जेवणानंतर धारच्या वऱ्हाडापुढे मला उभं केलं. माझ्यामागे तीन पहिलवान नंबराची वाट पाहत होते. मी व्याख्यानाचे कागद नेले होते. सरदारांनी ते काढून घेतले आणि हातात खराटा दिला. म्हणाले, तोंडी कशाला, करूनच दाखवा. मी भाऊकडे पाहिलं. तो पाहुण्यांना पान देत होता. तेव्हा कळलं, की यादीत चूक नव्हती.

खराटा खांद्यावर घेतला. एक पाऊल टाकलं. बायकांच्या चिकाच्या पडद्यामागून पहिलं हसू आलं, मग सगळा मांडव फुटला. पण ते पहिलं हसू मी ओळखलं. सगुणेचं होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिला एवढं पोटभर हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.