एका बोटाचं दुखणं

१२ जून २००६
ओपीडीत सुशीलाबाईंचा आज पुन्हा खेळ. कुरुंदवाडच्या. गेल्या वर्षी मी त्यांचा अर्धा गुडघा बदलला. तेव्हापासून तपासणीला आल्या की बाकावरच्या पेशंटांना उकिडवं बसून दाखवतात. आज चंदगडहून बहीण आणली, शांताक्का. "हिचाबी अर्धाच बदला." दोन म्हशी आहेत, खाली बसून धार काढायची, पुरा बदलला की उकिडवं बसता येत नाही, म्हणून पुरा नको.
मेथीची जुडी आहे का, अर्धी द्या म्हणायला! अर्ध्यासाठी गुडघा फक्त आतल्या बाजूनं झिजलेला हवा, बाकीचा शाबूत. नेहमीसारखं विचारलं, बोटानं दाखवा कुठं दुखतंय. बरोबर आतल्या बाजूला एकच बोट. दुखणं सगळीकडं असलं की लोक अख्खा पंजा ठेवतात. एक्स-रेवरून अर्धा की पुरा, नक्की ठरेना. बोटाकडं बघून हो म्हटलं.

१९ जून
उद्या ऑपरेशन. राउंडला गेलो तर शांताक्का गुडघ्याला बाम चोळत होत्या. अख्ख्या पंजानं. पुढून, बाहेरून, सगळीकडं.
"मग त्या दिवशी एकच बोट का?"
आधी बामची डबी मिटली. मग, "सुशी म्हनली, पंजा ठिवलास तर डॉक्टर सगळा गुडघा काढत्यात."
म्हणजे बाकावर शिकवणी चालते! चिडलो. म्हटलं, अर्धा बसवला आणि बाकीचा झिजत गेला तर परत फाडावं लागेल.
"आन् पुरा बसिवला तर म्हशीखाली कोन बसनार? तुमी?"
शेवटी ठरलं, उघडून बघायचं, बाहेरची बाजू खराब निघाली तर पुरा. "बगा मग," म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड केलं.
बोट दाखवा म्हणून सगळ्यांदेखत मोठ्यानं मीच ओरडतो. हात दाखवून अवलक्षण. 

२० जून
लिगामेंट घट्ट. बाहेरची बाजू बरी. वाटीखाली मात्र थोडी झीज. चालण्यासारखी? बहुतेक.
सिस्टर अर्ध्या आणि पुऱ्या सांध्याची दोन्ही खोकी घेऊन उभ्या. "सर, कुठलं फोडू?"
वाटीखालून परत एकदा बोट फिरवलं. मग अर्धा.
झीज बघून ठरवलं की म्हशी आठवून, हे आता सांगता यायचं नाही.

८ नोव्हेंबर
शांताक्का आल्या, सोबत सुशीलाबाई. चाल छान. दुखतं का? "न्हाय की!" नको म्हणेपर्यंत उकिडव्या बसल्या, हवेतच धार काढून दाखवली. सगळा बाक हसला, मीही.
उठताना पंजा गुडघ्यावर गेला. अख्खा. तसे सगळेच टेकतात. मीही टेकतो.
"शांताक्का, खरं सांगा."
त्यांनी बहिणीकडं बघितलं. "न्हाय म्हनलं न्हवं?" आणि हात पदराखाली घेतला.