एक उत्तर मुद्दाम चुकीचं

अमरावती,
२० जानेवारी २०२६

चि. किसन यास,
ताईचे आशीर्वाद, रीत आहे म्हणून.

रविवार, १८ जानेवारी, सकाळी सव्वानऊ. वेळ आधीच लिहिते, कारण तुझ्या घरी सध्या कुणालाच काही आठवत नाही. त्या वेळी तुझ्या कुंदनने मोर्शीजवळच्या एका शाळेत शिरून वर्षालीला मारलं.

वर्षाली माझी जुनी विद्यार्थिनी. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. सुटीच्या दिवशी व्हरांड्यात मुलं बसवून ती शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेत होती. तुझ्या मुलाने फळ्याची मोठी लाकडी पट्टी उचलली आणि मोडेपर्यंत तिच्यावर चालवली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, कानामागे टाके पडले. मग माझ्या सराव संचांचे गठ्ठे अंगणात फेकले, पेट्रोल ओतलं, पेटवून दिले. आचल नावाची मुलगी आपली प्रत काढायला धावली, तिला वेणीला धरून मागे आपटलं. दहा वर्षांची पोर, किसन.

आता कारण ऐक. निवृत्त झाल्यापासून मी हे संच तयार करून शिक्षकांना फुकट देते. कुणीही छापावेत, वाटावेत. अट एकच, आणि ती पहिल्याच पानावर ठळक लिहिलेली असते: उत्तरसूचीत एक उत्तर मुद्दाम चुकीचं आहे, शिक्षकाने आधी सगळं स्वतः सोडवून ते शोधावं. कॉन्व्हेंटात आमच्या गणिताच्या सिस्टर फळ्यावर रोज एक गणित असंच चुकवायच्या. वर्गात कुणाची झोपायची हिंमत नव्हती.

तुझ्या मुलाने हे संच शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटातून उचलले, पहिलं पान काढून टाकलं, वर आपल्या क्लासचं नाव आणि गॉगल लावलेला फोटो छापला आणि पुस्तिका करून विकल्या. एक गणित सोडवून पाहिलं नाही. पालकांच्या सभेत एका आईने चूक दाखवली, तेव्हा हा तेच चुकीचं उत्तर बरोबर आहे म्हणून फळ्यावर सिद्ध करायला उभा राहिला. लोक हसले. त्या हसण्याची भरपाई त्याला रक्तात हवी होती. गटात संच टाकणारी वर्षाली, म्हणून तिनेच आपल्याला फसवलं, असं त्याने ठरवलं.

ठाण्यात तो सांगतो, मी नुसता बोलायला गेलो, बाई पायऱ्यांवरून पडल्या. शाळेत दुसरं मोठं माणूस नव्हतं. मुलांच्या घरी जाऊन कुणीतरी दम दिला आहे. ठाणेदार म्हणतात, डोळ्यांनी पाहिलेलं एखादं मोठं माणूस आणा. म्हणून विचारते: त्या सकाळी कुंदन घरून कुणाबरोबर निघाला? फोनवर तू हो-हो करून ठेवून देतोस, तेव्हा कागदावर सांग.

मनकर्णाला, सूनबाईला आणि लहान्या शिवमला मनापासून आशीर्वाद. तुझे उत्तरानंतर.
कौशल्या


जुने शहर, अकोला,
२४ जानेवारी २०२६

ती. ताईस,
किसनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर वाकडं दिसते, कारण मी न्हाणीत घसरून पडलो. डोळा सुजला, उजव्या हाताची दोन बोटं बांधून ठेवली आहेत. काळजी करू नको. तुझे गुडघे कसे आहेत?

पोरगा रागीट आहे, मी नाही म्हणत नाही. पण ताई, तू बी कमाल करतेस. उत्तर चुकीचं छापाचं अन् वरून दुसऱ्याले म्हणाचं, शोध! बाबांच्या मळ्यात कांदे मोजतानाही तू मले असाच फसवाची अन् मी रडलो का हसाची. सारे लोक तुझ्यासारखे हुशार नसतात. पालकांनी क्लासच्या पाटीले काळं फासलं, कुंदनले गल्लीतून मान वर करून चालता येत नाही. वर आता पोलीस. शिवमले उद्या शाळेत पोरं काय म्हणतील, सांग.

त्या मास्तरणीच्या दवाखान्याचं मी पाहतो. तू तिले समजाव, तक्रार मागं घे म्हणा. तुझा शब्द ती मोडणार नाही. आपसातली गोष्ट आपसात मिटली पाहिजे. पायऱ्या गुळगुळीत असतात, माणूस पडते.

मेथी यंदा झकास आली. कुणी तिकडे येणारं असलं तर जुडी धाडतो.

रागावली तरी माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा
किसन


अकोला,
२७ जानेवारी २०२६

ती. बाईंले,
मनकर्णाचा पाया पडून नमस्कार.

मी चोरून लिहून राहिली. चुकलंमाकलं समजून घ्या, तुमच्यासारखी शाळा मले भेटली नाई.

हे न्हाणीत पडले नाईत. त्या रविवारी कुंदननं यायले, तुमच्या भावाले, सांगतलं, आत्याकडे अमरावतीले संक्रांतीचा तीळगूळ देऊन येऊ. मी लाडवाचा डबा भरून देल्ला. हे खुशीत बसले, नवी टोपी घातली. अमरावती आली अन् गेली, गाडी थांबली नाई. थेट त्या शाळेपुढं उभी केली. हे गाडीत होते, बाई. सारं पाह्यलं. उतरले नाईत.

घरी आले तं डबा तसाच भरलेला, अन् पोराच्या सदऱ्यावर रक्ताचे शिंतोडे. मले म्हणे, धू. मी धुतला. काहून धुतला, ते मलेच समजून नाई राहिलं.

तुमचं पत्र आलं तवा यायनं एवढंच म्हटलं, का चाल, त्या पोरीची माफी मागू. त्यानं बापाचं डोकं भिंतीवर आपटलं. मंग हात दाराच्या फटीत धरला अन् दार लावलं. म्हणे, साक्ष द्याची हौस आहे ना, आता करा सही. मी मधात पडली तं मले लाथ बसली. हाडं मोडाचा आवाज म्या आयकला. तुमच्या पत्राचा जवाब त्यानं समोर उभं राहून लिहून घेतला. मेथीचं तेवढं यायनं आपल्या मनानं लिहिलं.

सून मोनाली शिवमले घेऊन अचलपूरले माहेरी निघून गेली. मी कोठी जाऊ? पोरगा माह्याच पोटचा हाय, पन त्याची गाडी दारात आली का मी आतून कडी लावते.

तुमच्याशिवाय मले इचारणारं कोणी नाई, एवढं ध्यानात असू द्या.
मनकर्णा


अमरावती,
१ फेब्रुवारी २०२६

चि. किसन यास,

हे पत्र इथे आलेल्या नत्थुजींच्या हाती देते आहे. तुमच्या मंडईत ते तुझ्या शेजारी बसतात, तुला दुकानावरच देतील. घरी नेऊ नकोस. मनकर्णा काल दुपारच्या एसटीने माझ्याकडे आली आहे. बरगडीला पट्टा बांधला आहे. ती परत येणार नाही, आणि तिला न्यायला कुंदन आला तर माझ्या दारात कोयता आहे आणि तो मी नारळासाठी ठेवलेला नाही.

तुझी बोटं कशी मोडली ते कळलं. रात्रभर माझ्या अंगाची लाही होत होती. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा विचार मी करून पाहिला. भीती मला समजते. पण काल मी वर्षालीकडे जाऊन आले.

तिला मी काही सांगितलं नाही, फक्त पुन्हा सगळं विचारलं. ती म्हणाली, फाटकाशी मोटार उभी होती आणि तीत टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. पट्टी मोडल्यावर कुंदन लाथा घालत होता, तेव्हा तिने त्यांना हाका मारल्या. काका, काका, मुलांना तरी घेऊन जा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मोटारीची काच वर केली. ते कोण होते ते तिला ठाऊक नाही. तिला वाटतं, बिचाऱ्यांना ऐकू येत नसावं.

तिने तुझी बाजू घेतली, किसन, मोडक्या हाताने.

परवा वर्षालीच्या घरावर दगड पडले. सासऱ्यांच्या कपाळाला लागलं. ते घाबरले आहेत आणि गुरुवारी सकाळी तिला ठाण्यात नेऊन तक्रार मागे घ्यायला लावणार आहेत. कुणी पाहिलंच नाही तर लढायचं कशाच्या जोरावर, असं ते म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही. एकदा तक्रार मागे गेली की कुंदनला कळेल की हाडं मोडली तरी चालतं. त्यानंतर कुणाची पाळी, ते तुला सांगायला नको, तू त्याच घरात राहतोस.

तू माफी मागू नकोस, मेथीही पाठवू नकोस. मंडईतून परस्पर गाडी धर आणि इथे ये. खोली रिकामी आहे. ठाण्यात मी तुझ्याबरोबर येईन आणि दारापाशी नाही, शेजारच्या खुर्चीत बसेन. यायची छाती होत नसेल तर निदान लिहून पाठव: मोटार कुठे उभी होती, काय पाहिलंस, काच कुणी वर केली. बुधवार, ४ फेब्रुवारी, दुपारी बाराच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात हवं, लेखी, सहीसकट. फोन केलास तर उचलणार नाही. बोटं चालत नसतील तर डाव्या हाताने लिही. वर्षाली कालपासून फळ्यावर तसंच लिहिते आहे.

कौशल्या