पाय धुवायचं घमेलं

लाखनी, २० जुलै, रविवार

"तुह्या येशूनं पायच धुवाले सांगतले का वं बाई?" शेजारची शेवंताकाकू हसत आईला म्हणाली होती. मी तेव्हा दहा वर्षांची. भाताच्या रोवणीच्या दिवसांत शेतातून परतणाऱ्या बाया संध्याकाळी आमच्या ओट्यावर टेकायच्या. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. आई घमेल्यात मिठाचं कोमट पाणी घ्यायची, एकेकीचे पाय धुऊन पुसायची, हळद-तेल लावायची. "हो वं," ती काकूला म्हणाली, "बाकीचं मले सांगता येत नाही." खरंच, तिने कुणाला कधी येशूविषयी काही सांगितलं नाही. पाणी आणून देताना मी मात्र नाक मुरडायची. तेच आज का इतकं आठवतंय?

सकाळी चर्चहून आल्यावर पाहिलं, आईच्या टाचा भेगाळून रक्त येतंय. गुडघे वाकत नाहीत, हात पायापर्यंत पोचतच नाही. किती दिवसांपासून? मी तेच घमेलं काढलं, आता पोचे पडलेलं, आणि त्यात कोमट पाणी ओतलं. तिने पाय लुगड्यात ओढून घेतले. "मी का रोवणीले गेलती? ठेव ते."

इतक्या जणींचे पाय हातात घेतले, आपले कुणाच्या हातात द्यायला मात्र तयार नाही. घमेलं अजून तिच्या खाटेजवळच आहे. पाणी निवलं असेल, पुन्हा तापवते. नाहीच म्हणेल, ठाऊक आहे. तरी विचारते. आई, एक पाय तरी दे.