वादीच्या पाण्यात गेलेले आवाज

अप्पा, काल एका लॅपटॉपचा बोर्ड माझ्या हातात मेला, आणि ते सांगायला मला तुमच्याशिवाय कुणी सुचलं नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की लॅपटॉप तुम्ही पाहिलाही नाहीत. तुमच्या बाजारपेठेतल्या दुकानात रेडिओ होते, टेपरेकॉर्डर होते, शेवटी शेवटी दोनचार टीव्ही. मी मस्कतला, रुवीतल्या एका दुकानात मागच्या बाजूला मायक्रोस्कोपला डोळे लावून बसतो आणि पाण्याने, चहाने, ज्यूसने बिघडलेले लॅपटॉप उघडतो. काम तुमचंच आहे, फक्त इतकं बारीक झालंय की एखादा सुटा भाग टेबलावर असताना शिंक आली तर तो पुन्हा सापडत नाही. आणि तुमच्या वेळी सेट बिघडला तरी कॅसेट बाहेर काढता यायची. मशीन मेलं तरी गाणं वाचायचं. आता या पातळ मशिनांत सगळं बोर्डावरच सोल्डर केलेल्या चिपमध्ये असतं, आणि बोर्ड जिवंत झाल्याशिवाय ती चिप एक अक्षर परत देत नाही.

महिन्याभरापूर्वी दूरच्या सहम गावाहून एक म्हातारे ओमानी गृहस्थ आले. शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त. इथे शिक्षकाला उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणायला लागलो. किनाऱ्यावरच्या बऱ्याच जुन्या लोकांना येते तशी त्यांना हिंदी येत होती. लॅपटॉप त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळून आणला होता. आयुष्यभर त्यांनी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांची गाणी टेप केली होती. जाळं ओढताना म्हणायची, खजूर उतरवताना म्हणायची, बायकांनी दळताना म्हणायची. गाणारे एकेक करून गेले. जुन्या कॅसेटवरून सगळं त्यांनी लॅपटॉपवर घेतलं आणि कॅसेट उन्हात खराब झाल्या म्हणून टाकून दिल्या. इथे मस्कतमध्ये, अझैब्यात राहणारा त्यांचा मुलगा दुसरी प्रत करून देणार होता, म्हणून ते मस्कतला निघाले होते. डोंगरात पाऊस झाला होता, रस्त्यावरून वादी, म्हणजे एरवी कोरडी असणारी डोंगरातली नदी, वाहत होती. पुढची गाडी गेली म्हणून यांनीही घातली. लोकांनी त्यांना खिडकीतून ओढून काढलं, गाडी मात्र लॅपटॉपसकट दुसऱ्या दिवशी पाण्यातून निघाली. मुलाने लॅपटॉप सुकायला तांदळात ठेवला आणि मग चालू करून पाहिला.

हे ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. ओला बोर्ड चालू केला की पाण्यातून वीज जाते आणि तांबं खाल्लं जातं. मागचं झाकण काढलं तर एका सॉकेटमध्ये तांदळाचा दाणा फुगून बसला होता आणि बोर्डावर सगळीकडे वादीचा चिखल, त्याच्या कडेने हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड. अर्बाब, म्हणजे आमचा दुकानमालक, दारातून बघून म्हणाला, "खलास. नवीन घ्यायला सांग." उस्ताद माझ्याकडे बघत होते. "मुहंदिस, तू सांग." मुहंदिस म्हणजे इंजिनीयर. मी इंजिनीयर नाही हे सांगायचं सोडून मी म्हणालो, "बघतो, होईल. इन्शाल्ला."

तो शब्द तोंडातून गेला आणि तुम्ही आठवलात. आपल्या गावात पूर आला होता ते वर्ष. पाणी उतरल्यावर दुकानाच्या पायरीवर भिजलेल्या सेटची रांग लागली होती. तुम्ही आत एक ट्रान्झिस्टर उघडून बसला आहात, लुंगी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, आणि खालच्या आळीतली एक बाई टेपरेकॉर्डर छातीशी धरून उभी आहे. मी तिला म्हणतो, ठेवा काकी, होईल. तुम्ही वर न बघता हात पुढे करता, सेट कानाजवळ हलवता, आतलं पाणी मलाही ऐकू येतं. "वहिनी, हा गेला," तुम्ही म्हणता. ती रडत गेल्यावर तुम्ही मला झापलंत. "गेलेल्या वस्तूला गेली म्हणायला शीक. माणूस एकदा रडतो आणि घरी जातो. होईल म्हणालास तर तो रोज येतो, आणि रोज थोडा थोडा रडतो." मला तुम्ही तेव्हा दगड वाटला होतात.

उस्ताद रोज नाही, पण दर शुक्रवारी यायचे, सहमहून इतक्या लांब. येताना घरच्या बागेतली लिंबं आणायचे. माझ्यामागे स्टुलावर बसायचे, काही विचारायचे नाहीत. मी बोर्ड धुतला, स्पिरिटने घासला, पुन्हा धुतला. मुख्य वीजवाहिनी शॉर्ट होती. मी तिच्यात बेताची वीज सोडली, वरून स्पिरिट पसरलं आणि कुठल्या भागावरचं आधी उडतं ते बघत राहिलो. एक कपॅसिटर तापत होता, तो काढला. शॉर्ट गेला, पण पुढची चिप मेलेली निघाली. ती बदलली तर तिच्याखालचे तांब्याचे ठिपके कुजून गेलेले. केसाएवढ्या तारेने ते जोडले. एक जागा दुरुस्त करावी तर तिच्या पलीकडची उघडी पडायची. एखाद्याचा ताप उतरावा आणि खाली दुसराच आजार दिसावा, तसं. मला झोप लागेना. वादी अदाई वस्तीतल्या माझ्या खोलीत जेवताना भाताकडे बघितलं तरी तो सॉकेटमधला दाणा दिसायचा.

काल शुक्रवार. दुपारच्या नमाजानंतर उस्ताद आले आणि त्यांच्यासमोर बोर्ड चालू झाला. मी बाहेरचा पडदा जोडला होता, त्यावर उजेड आला. उस्तादांनी पासवर्ड टाकला. फोल्डर दिसलं, अरबी नावांच्या ओळीच्या ओळी. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. "ही माझी आई. थोडंसं ऐकू दे."

"आधी प्रत करून घेऊ, उस्ताद. हा बोर्ड किती वेळ चालेल सांगता येत नाही. मग सावकाश ऐका."

त्यांनी लगेच हात मागे घेतला. "बरोबर आहे. आधी प्रत."

आणि ते बरोबरच होतं, अप्पा. कुणालाही विचारा. मी प्रत लावली. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत होती, उस्ताद ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. मग पडदा काळा झाला. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. मी मीटर लावला. मुख्य प्रोसेसरच शॉर्ट झाला होता. त्याच्या खाली जे कुजत होतं तिथे माझा ब्रश पोचला नव्हता, कुणाचाच पोचला नसता. त्याला औषध नाही. तरी मी मीटरची टोकं इकडून तिकडे लावत बसलो, कारण मान वर करायची हिंमत नव्हती. शेवटी उस्तादच म्हणाले, "बस कर, बेटा."

जे उतरलं होतं ते आम्ही लावून पाहिलं. फोल्डरात प्रत्येक गाण्याआधी त्यांनी एक छोटी फाईल ठेवली होती, टेप करतानाच स्वतःच्या आवाजात करून दिलेल्या ओळखीची. प्रत लहान फाईलींपासून सुरू झाली होती, म्हणून त्या सगळ्या आधी उतरल्या होत्या. गाण्याची फाईल एकही नाही. तरुण उस्ताद बोलत होते, मागे कोंबडा, कुणाची तरी हाक. ते मला अर्थ सांगत गेले. आता अमुक नाखवा जाळ्याचं गाणं म्हणेल. मग शांतता. आता शेजारची अमुक आजी म्हणेल. शांतता. आता माझी आई दळणाचं गाणं म्हणेल, आई, इकडे बघून म्हण. शांतता. मी बंद करायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि सगळ्या संपेपर्यंत ऐकलं.

जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "तुझे वडील आहेत?"

"नाहीत. फार वर्षं झाली. तेही दुरुस्तीचंच काम करायचे."

"त्यांचा आवाज आहे तुझ्याकडे?"

"आहे," मी म्हणालो.

"अल्हम्दुलिल्ला. दोन ठिकाणी ठेव." आणि तो मेलेला लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून ते गाडीकडे गेले. मी सोबत गेलो नाही.

आज दुकानात गेलो, पण एकही मशीन उघडलं नाही. हे लिहीत बसलोय, आणि ते कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही. अप्पा, माझ्याकडे तुमचा आवाज नाही. दुरुस्त केलेल्या प्रत्येक टेपरेकॉर्डरमध्ये तुम्हीच बोलून बघायचात, आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी पुसून टाकायचात. एखादी कॅसेट बाजूला ठेवावी असं घरात कुणाला वाटलं नाही. वर तुमची म्हणून जी वाक्यं लिहिली, ती मला माझ्याच आवाजात ऐकू येतात. तुमचा जाड होता की बारीक, तेसुद्धा आता मला सांगता येणार नाही.