दोन टिंबं आणि एक कंस

हैदराबाद

अहो,

नमस्कार. आपल्या तेजश्रीचा ताप उतरला. काल स्वतःहून वरण-भात मागून जेवली. जरा वाळलीय, पण मी इथं तिच्याजवळ आहे, काळजी करू नका.

परवा फोनवर तुम्ही चिडून म्हणालात, "मी चार ओळी लिहितो आणि लेक दोन टिंबं नि एक कंस पाठवते." मग 'हा मोबाइल कपाटात ठेवतो' म्हणून बंद केलात, तो अजून लागत नाही. म्हणून हे पत्र.

मी तिलाच विचारलं. मान डावीकडे कलवून बघायचं म्हणे, तो हसरा चेहरा असतो. इंग्रजी 'के' एकटाच आला तर 'बरं' समजायचं. सगळी पोरं असंच लिहितात.

लग्नानंतर घाटावर पूजेला येणाऱ्या यजमानांच्या वंशावळींची तुमची वही पाहून मीही अशीच गांगरले होते. नावापुढे गोल म्हणजे दत्तक, आडवी रेघ म्हणजे वंश तिथंच थांबला. आठ दिवस शेजारी बसवून शिकवलंत, एकदाही चिडला नाहीत. आता तुमची पाळी.

गुडघ्याला तेल लावता ना? घाटावर सकाळी गार वाऱ्यात मफलर घालत जा.

आणि एक. सोमवारी तुम्ही 'औषध घेतलंस का' विचारलंत, तेव्हा तिला एकशे दोन ताप होता. उशीवरून डोकं उचलवत नव्हतं. तुमचं नाव बघून हसली आणि एका बोटानं ती टिंबं नि तो कंस दाबला. तुमच्यापर्यंत तेवढंच पोचलं. हसताना मी तिला पाहिलंय.

मोबाइल कपाटातून काढा.

तुमची,
लतिका