हौदातली कासवं

१६ एप्रिल १९७४, मंगळवार
सकाळची शाळा आटोपून दोन वाजता कॉलेजमागच्या हौदावर. आज एक कासव कमी. दोनदा मोजली. शनिवारी सात होती, रविवार-सोमवार येणं झालं नाही, आज सहाच. गेलं तेही नेमकं तडकलेल्या पाठीचं. कुणीतरी नदीच्या डोहात सुरुंग टाकून मासे मारले, त्यात दगड बसला होता त्याला. महिनाभर रोज त्या चिरेत जांभळं औषध भरलं. शुक्रवारपासून माझ्या हातातून पालक घ्यायला लागलं होतं.
हौदाची भिंत कमरेएवढी. कासव चढून जाणार नाही. म्हणजे कुणीतरी नेलं.

१७ एप्रिल
सरांना विचारलं. दहा वर्षांपूर्वी त्यांच्याच वर्गात प्राणिशास्त्र शिकले, अजून समोर उभी राहिले की आवाज बारीक होतो. जखमी कासवांसाठी हौद बांधायची कल्पना त्यांचीच. चष्मा पुसत म्हणाले, "मला काही कल्पना नाही. रविवारी दगडू येऊन गेला म्हणे."
एवढंच म्हणाले. पण माझ्या डोक्यातून जाईना.

१९ एप्रिल
दगडू भोई आला. टाकळीकडचा, भीमेवर मासे धरतो. जाळ्यात जखमी कासव आलं की ओल्या गोणपाटात घालून एसटीनं आणून देतो. आजचं मोठं, मऊ पाठीचं, जबड्यात गळ रुतलेला. माझं लक्ष मात्र त्याच्या पिशवीवर. सरळच विचारलं, "रविवारी इथून काय नेलंस?"
"काय न्हाय बा. आनून देतो तेच परत नेऊ व्हय?"
"तुमच्यात कासव खातात ना?"
बोलून गेले. "खात हुतो की. आता हितं आनतो. तरी बाई, तुमाला माजं पोटच दिसतंय व्हय?"
गोणपाट तिथंच टाकून गेला. घोटभर पाणीसुद्धा प्यायला नाही.

२० एप्रिल
सरांनी चिमट्यानं गळ काढला. मी डोकं धरलं. हात किती हलका त्यांचा! कासवाला कळलंसुद्धा नाही.
हौदावर जाळीचं झाकण बसवून घेतलं. कुलपाला दोन किल्ल्या. एक सरांकडे, एक माझ्याकडे. दगडूचं सगळं घरी सांगितलं. हे म्हणाले, "वह्या तपासतेस तशी माणसं तपासायला लागलीस." रागच आला. पण रात्रीची भाकरी नीट गेली नाही.

२७ एप्रिल, शनिवार
द. आठवडाभर फिरकला नाही. माशांचे तुकडे तोच आणायचा. आज बाजारातून मीच आणले, बसमध्ये बायका नाकाला पदर लावून.
आणखी एक कमी. कुलूप जसंच्या तसं.
किल्ल्या दोनच. पुढचं लिहवत नाही.

३० एप्रिल
सर मीटिंगला. टिंक्चर संपलं म्हणून मी प्रयोगशाळेत गेले. नमुन्यांच्या कपाटात खालच्या फळीवर एक नवं कवच. साफ केलेलं, वर पॉलिश. पाठीवर चीर. चिरेच्या तळाशी जांभळं.
खाली सरांच्या अक्षरात लेबल, लॅटिन नाव. मादी. भीमा नदी.
मला ती मादी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

२ मे
विचारलं. दार लोटून घेतलं आणि विचारलं.
"मेली गं ती. आतून इजा होती. तुझा जीव जडला होता, म्हणून बोललो नाही."
"आणि दुसरं?"
"तेही."
"मग दगडूचं नाव का घेतलंत?"
"मी नाव घेतलं? येऊन गेला एवढंच म्हणालो. पुढचं तू जोडलंस."
खरं आहे. मीच जोडलं. हेच तर जिव्हारी लागलं.
पण जी आदल्या दिवशी हातातून पाला खाते, ती...

५ मे, रविवार
टाकळीला गेले. ऊन मी म्हणत होतं. द. जाळं विणत ओसरीत. बायकोनं पाणी आणून दिलं. मी पहिल्यांदाच त्याला तुम्ही म्हणाले. "दगडूभाऊ, तुमच्यावर उगाच आळ घेतला. चुकलं माझं."
जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. कासव मेलं का मारलं, तेवडं सांगा."


९ मे
गळ लागलेल्या कासवाचा जबडा भरून आला. सर म्हणाले, रविवारी नदीत सोडतो. "उन्हाची तू कशाला येतेस?"
"येते," म्हटलं. आवाज बारीक नव्हता.

१२ मे, रविवार
सकाळच्या एसटीनं सर आणि मी टाकळीला. पायाशी ओलं गोणपाट. द. काठावर येऊन उभा. कुणी निरोप दिला कोण जाणे, मी नाही.
सर धोतर खोचून गुडघाभर पाण्यात गेले. कासव दोन्ही हातांनी खाली ठेवलं. क्षणभर ते हललंच नाही. मग मान बाहेर, आणि एका झटक्यात गढूळ पाण्यात दिसेनासं झालं. सर काठाकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. की ऊन लागत होतं?
द. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आज तुमी हुता हितं, म्हून सुटलं."
बरं वाटावं म्हणून म्हणाला, की दुसऱ्याच कशासाठी, विचारायचं धाडस झालं नाही.
परतीच्या एसटीत सरांना पुढं जागा मिळाली. बसल्या बसल्या डोळा लागला त्यांचा. पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडलेला. शेजारची जागा त्यांनी माझ्यासाठी रुमाल टाकून धरली होती.
मी मागच्या बाकावर जाऊन बसले.